तिसरा हिरवा दिवा

मी असल्या गोष्टी मानत नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे, अजूनही मानत नाही असं म्हणायची फार इच्छा आहे. गावात देवचाराच्या, म्हणजे अदृश्य राखणदाराच्या, नावाने विडी ठेवतात, त्यावरून सख्ख्या काकांशी भांडलेला माणूस आहे मी. बी.एस्सी. झालो, मग तळोज्याला एका केमिकल कारखान्याच्या फायर विभागात नऊ वर्षं काढली. आगीला कारण असतं... उघडी वायर, गळकी टाकी, कोणीतरी फेकलेली काडी. ते सापडेपर्यंत राख उकरायची, ही आमची शिकवण. या सदरात लोक अनुभव लिहितात त्यांच्याखाली ‘योगायोग’ एवढीच कॉमेंट टाकून पुढे जाणाऱ्यांपैकी मी एक होतो. जुन्या वाचकांना आठवत असेल.

आमच्या सड्यावर विमानतळ झाला तेव्हा मी गावी परत आलो आणि तिथल्या फायरच्या गाडीवर लागलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. त्यावर धावपट्टी. वरून पश्चिमेला पाहिलं की कर्लीची खाडी, देवबागची वाळूची चिंचोळी पट्टी, आणि त्यापलीकडे समुद्र. सड्याच्या उतारावर आमची वाडी – काजू, रतांबे म्हणजे कोकमाची झाडं, आणि दहा-बारा घरं. आमच्या घरात मी, बायको आणि आई. वडील मी कॉलेजात असताना गेले. त्यानंतर शेत, काजू, रतांबे फोडून सोलं सुकवणं, ती बाजारात नेऊन विकणं, सगळं आईने एकटीने केलं. ही गोष्ट घडली तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती, पण दिवसातून चार वेळा तो उतार चढायची-उतरायची. आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, एक पाय मुडपून बसली की वाटीभर खोबरं किंवा शेरभर मासे, हात दिसायचा नाही इतक्या वेगाने व्हायचं.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली. माझी सकाळची ड्युटी होती. अकराच्या सुमाराला टॉवरमधून निरोप आला – लहान विमान येतंय, चाकाचा प्रॉब्लेम आहे, गाडी घेऊन तयार राहा.

लहान म्हणजे एका इंजिनाचं, चार माणसांचं. पुण्याकडचे एक हॉटेलवाले साहेब स्वतःच चालवत होते, सोबत त्यांची बायको. देवबागला जागा बघायला येत होते. अशा काही विमानांची चाकं उडाल्यावर पोटात जातात. उतरायच्या आधी खटका दाबला की तिन्ही चाकं बाहेर येतात, जागच्या जागी लॉक होतात, आणि प्रत्येक चाकाचा एक असे तीन हिरवे दिवे पायलटसमोर लागतात. साहेबांसमोर दोनच लागले होते. डाव्या चाकाचा लागला नव्हता.

टॉवरने त्यांना एकदा धावपट्टीवरून खालून जायला सांगितलं, म्हणजे आम्हाला बघता येईल. ते गेले. पुढचं चाक सरळ, उजवं सरळ. डावं अर्ध्यातच. पक्षी एक पाय पोटाशी घेऊन उडावा तसं. दुर्बीण आमचे इन्चार्ज परबदादा यांच्या हातात होती, पण मला नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं.

पुढची पस्तीस मिनिटं ते वरच फिरत राहिले. खटका वर-खाली केला. हाताने पंप मारायची सोय असते, ती करून पाहिली. विमानाला हिसके देऊन पाहिले. चाक हललं नाही. तिन्ही आत घेऊन पोटावर उतरावं, तर आता उरलेली दोन आत जाईनात. शेवटी इंधन संपवत आणायचं आणि दोन चाकांवर उतरायचं, एवढंच उरलं. दोन चाकांवर उतरलं की वेग कमी होताच डावा पंख टेकणार, विमान गर्रकन फिरून धावपट्टीबाहेर जाणार, आणि बाहेर आमचा जांभा. मऊ माती कुठे नाहीच.

परबदादांनी आम्हाला कामं वाटून दिली.

“डाव्या अंगाक कलंडतला,” ते म्हणाले. “टाकी पंखात आसता. ती फुटली तर आग त्याच बाजूक. फोम पयलो थंय.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “दार तू उघडतलंस.”

“होय.”

दार उघडायचं काम नेहमी माझ्याकडेच असे. तळोज्याचा अनुभव. घरी आईलाही माहीत होतं – आत कोण शिरणार, असं तिने एकदा विचारलं होतं आणि मी फुशारकीने सांगितलं होतं.

विमान वळायचं ते बरोबर आमच्या वाडीवरून. मी सूट घालून, गाडीच्या पायरीवर उभा राहून बघत होतो. घामाने सूट आतून भिजला होता. मला भीती वाटत होती हे कबूल करतो. तळोज्याला एकदा दार उघडलं होतं, त्याच्या आत जे होतं ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

शेवटी ते समुद्राकडून सरळ आले. डावा पाय तसाच अर्धा. इतकं खाली आले की इंजिनाचा आवाज छातीत जाणवू लागला. आणि धावपट्टीच्या अलीकडे, जिथे खाली आमचा उतार आहे, तिथे तो पाय खाली आला. हळूहळू आला नाही. एका झटक्यात, काठी रोवल्यासारखा सरळ. दुसऱ्याच क्षणी विमान टेकलं. तिन्ही चाकांवर. धावलं, मंद झालं, थांबलं. डावा पंख तसूभरही झुकला नाही.

आम्ही गाडी घेऊन पोचलो तेव्हा साहेब खाली उतरत होते. बाई रडत होत्या. साहेबांनी आम्हा सगळ्यांशी हात मिळवले. मला म्हणाले, “तिसरा दिवा शेवटपर्यंत लागलाच नाही हो. टेकल्यावरही नाही. मी कलंडायची वाट बघत होतो.”

परबदादांनी वहीत वेळ लिहिली. अकरा चाळीस.

ड्युटीवर फोन लॉकरमध्ये असतो. दोन वाजता उघडला तर बायकोचे चौदा मिस्ड कॉल.

घरी आई पडवीत खाटेवर होती. डावा पाय समोर सरळ पसरलेला. शेजारची रुक्मिणकाकी तिच्याजवळ बसली होती. त्या दोघी उतारावर रतांबे काढत होत्या, तेव्हाची हकिगत काकीने सांगितली.

“इमान आमच्या डोक्यावरसून गेला. तुझी आवस वर बघीत उभी रवली. मगे चलूक गेली तर पाय वाकूकच नाय. काठयेसारखो झालो. टोपलेसकट खाली इली.”

“किती वाजले होते?”

“माका काय म्हायत? इमान खाली गेला तेवाच.”

मी आईचा गुडघा धरून वाकवायला गेलो. दगड. सूज नाही, खरचटलेलं नाही, गरम नाही.

“दुखता?”

“दुखना नाय रे,” ती म्हणाली. “फक्त वाकना नाय.”

मला वाटलं, लचक असेल. शीर आखडली असेल. दोन दिवसांत जाईल. कारण असणारच.

ते विमान सड्यावर एका कडेला उभं होतं. लोक येऊन पंखाखाली उभे राहून फोटो काढत होते. तिसऱ्या दिवशी मुंबईहून एक इंजिनिअर आले. पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. विमान जॅकवर उचलताना सुरक्षेसाठी आमची गाडी जवळ होती, म्हणून मी हजर होतो. चाकं जमिनीवरून सुटली. ते डाव्या पायाशी वाकले, टॉर्च मारला, आणि बराच वेळ तसेच राहिले. मग त्यांनी दोन बोटांनी तो पाय ढकलला. तो दुमडला. काही विरोध न करता, कपाटाचं दार मिटावं तसा.

“इकडे या जरा,” ते मला म्हणाले. जवळ दुसरं कोणी नव्हतं म्हणून. “हे बघा. पाय सरळ राहावा म्हणून हा हुक अडकतो. हा तुटलेला आहे. दोन तुकडे. चीर जुनी आहे, हवेतच गेला असणार.”

“म्हणजे?”

“म्हणजे हा पाय कशावरच उभा नव्हता. टेकताना सगळं वजन आलं यावर. नंतर तीन दिवस हे विमान याच्यावर उभं आहे.” त्यांनी परत दोन बोटांनी पाय बाहेर ओढला, आत ढकलला. सांध्याला तेल होतं, गुळगुळीत हलत होता. “आता मी रिपोर्टमध्ये काय लिहू?”

काय लिहिलं ते मला नंतर कळलं. ‘सांधा तात्पुरता अडकला असावा.’ मी विचारलं तर म्हणाले, “अडकल्याची खूण कुठेच नाही. पण काहीतरी लिहावं लागतं ना.”

त्या दुपारी मी स्कूटर कशी मारत घरी गेलो ते आठवत नाही. लाज वाटते लिहायला... पण तो पाय दुमडताना मी डोळ्यांनी बघितला होता, आणि माझ्या डोक्यात एकच होतं. आता आईचाही वाकला असेल.

ती पडवीतच होती. पाय स्टुलावर, सरळ.

मग डॉक्टर सुरू झाले. कुडाळ, ओरोस, शेवटी गोवा. एक्स-रे, एमआरआय. हाड ठीक, गादी ठीक, नसा ठीक. गोव्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हे मानसिक असू शकतं, मनाने धक्का घेतला की असं होतं. भूल देऊन बघू, भुलीत गुडघा आपोआप सैल पडेल. मला इतकं बरं वाटलं. मानसिक तर मानसिक, निदान कारण तरी. भूल दिली. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मी ओळखला. तो चेहरा मी जॅकवरच्या विमानाजवळ पाहिला होता.

“भुलीतही वाकला नाही,” ते म्हणाले. “आणि आत काही अडकलेलं नाही. मला सांगता येत नाही.”

त्यांनीही काहीतरी लिहिलंच. फाइलमध्ये आहे. शेवटचा शब्द ‘असावा’.

न वाकणारा पाय म्हणजे काय, हे घरात असल्याशिवाय कळत नाही. आई आडाळ्यावर बसू शकत नाही. लावणीला वाकू शकत नाही. रिक्षात बसली तर पाय बाहेर राहतो. एसटीत पाय मधल्या वाटेत येतो आणि लोक “आजी, पाय घ्या की आत” म्हणतात. परसाकडे जायला बायकोने धरावं लागतं. उतार तर संपलाच. जिने मला वाढवलं ती बाई एका पायरीपुढे उभी राहून कोणीतरी येण्याची वाट बघते.

आणि साहेबांचा व्हिडिओ सगळीकडे फिरत होता. त्यात ते सांगत होते – शांत डोकं, ट्रेनिंग आणि आत्मविश्वास. पेढे वाटले होते, आम्हालाही पाठवले होते. मी खाल्ला एक. तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं.

सहा-सात महिन्यांनी ते देवबागला आले, जागा घेतली होती त्यांनी. मी भेटायला गेलो. काय मागायला गेलो होतो? काही नाही, खरंच. फक्त एकदा घरी यावं, तिला बघावं. मी सगळं सांगितलं. वेळ, हुक, गुडघा. ते ऐकून घेत होते, वाईट माणूस नाही तो. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “दादा, तुम्ही फायरमधले माणूस. तुम्ही असं बोलता? योगायोग असतात हो.”

माझाच शब्द. मी निघायला उठलो.

“वेळ मिळाला की नक्की येतो. आईंना नमस्कार सांगा.”

ते आले नाहीत. दोन आठवड्यांनी टेम्पोतून एक व्हीलचेअर आली, नवी कोरी. पाय खाली ठेवायची जागा होती, पाय वाकवून ठेवायची. आईला तिच्यात बसवून पाहिलं, पाय समोरच्या माडाकडे रोखलेला, आणि खुर्ची पुढे कलंडायला लागली. उतरवली परत. त्या खुर्चीवर आता आम्ही सोलं सुकवतो.

त्या संध्याकाळी मी साहेबांना खूप शिव्या घातल्या. आईसमोर. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तेका कित्याक बोलतंस? तेणा काय केल्यान?”

“त्याचं विमान नसतं तर—”

“तेच्यासाठी मागूक नाय मिया.”

मी थांबलो. “काय मागूक नाय?”

आई रतांब्याच्या सुक्या बिया निवडत होती. मान वर केली नाही. “इमान फिरत होता. एक पाय आत घेतल्यालो. मिया रुक्मिणीक म्हटलंय, ह्या पडतला. पेटतला. आणि पेटला तर माझो झील आत जातलो. तूच सांगलेलंस, दार तूच उघडतंस म्हणान.” तिने एक बी टाकून दिली. “तेवा म्हटलंय – देवा म्हाराजा, ह्या इमान सरळ उतरव. काय घेवचा तां माझ्याकडसून घे.”

निवडलेल्या बिया तिने सुपात ओढल्या. मग ती म्हणाली, “मानूस म्हणता तसा म्हटलंय रे. कोण आयकता म्हणान माका काय म्हायत?”

मला वाटलं होतं ती म्हणेल, तुझ्यासाठी केलं, मला दुःख नाही. आया असं म्हणतात. ती तसं म्हणाली नाही. आवाजात राग होता. कोणावर ते मला कळलं नाही, बहुतेक माझ्यावरही असावा. तो मी घेतला.

पुढे जे लिहितोय ते काकांनी वाचलं तर हसतील. मी आईला घेऊन ग्रामदेवतेच्या देवळात कौल लावायला गेलो. मी. आमच्याकडे पाषाणावर पाण्याने फुलाच्या कळ्या चिकटवतात आणि गुरव प्रश्न विचारतो. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आईला पायऱ्या चढता येईनात, म्हणून तिला चौघांनी खुर्चीवरून वर नेलं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. सगळं सांगितलं, आणि विचारलं, “ह्या बायचो पाय तुया घेतलंस काय, म्हाराजा?”

थोड्या वेळाने डावी कळी पडली.

गुरव माझ्याकडे बघून म्हणाला, “देव म्हणता, आपण घेवक नाय.”

“परत विचार.”

परत कळ्या लावल्या. परत डावी.

“मग कोणी घेतला ते विचार,” मी म्हणालो.

त्याने विचारलं. आम्ही उभे राहिलो. तास झाला, दीड झाला. समईत दोनदा तेल घातलं. एकही कळी पडली नाही. गुरव शेवटी हात जोडून बाजूला झाला. म्हणाला, असं त्याच्या आयुष्यात झालं नव्हतं. कळ्यांचं पाणी सुकलं नसेल, एवढंच, हे मलाही समजतं. पण त्या क्षणी गाभाऱ्यात उभं राहून मला देवाचा फार राग आला. ज्याला मानत नाही त्याचा.

उतरताना आई खुर्चीवरून म्हणाली, “तेणा घेवक नाय तर माका तो परत कोण दितलो?”

यावर काय बोलायचं असतं, कोणाला माहीत असेल तर सांगा.

मी अजून त्याच गाडीवर आहे. नोकरी सोडावी असं बायकोला वाटतं, पण सोडून काय होणार. मागच्या पावसाळ्यानंतर एकदा परत तसंच झालं, म्हणजे तसं वाटलं. ट्रेनिंगचं लहान विमान, एका चाकाचा दिवा लागत नाही, तयार राहा. परबदादा रिटायर झालेत, आता कामं मी वाटतो. दार उघडायचं मी स्वतःकडेच ठेवलंय. सूट चढवायच्या आधी मी नियम मोडला. लॉकरमधून फोन काढून घरी लावला.

“आये, घरात जा. दार लाव. वर बघू नको आणि काही बोलू नको. एक शब्द नको.”

 पलीकडून विमानाची घरघर फोनमधून ऐकू येत होती, म्हणजे ती अंगणातच होती.

“मिया कित्याक बोलतंय?” ती म्हणाली. “माझो आता एकच पाय रवलो हा.”

आणि फोन ठेवला.

ते विमान नीट उतरलं. बल्ब गेला होता, एवढंच निघालं. त्याचं कारण सापडलं, वहीत लिहिलं, सही केली. पहिल्याचं कारण मला आजही माहीत नाही. राख उकरायची तेवढी उकरून झाली.